हळदीचं क्रीम लाल का पडलं?

ताई, क्रीम आठवड्यात तांबूस झालं आणि तिसऱ्या आठवड्यात बुरशीचे ठिपके आले, असं तुम्ही लिहिलंत. माझ्या मते दोन्हींचं मूळ एकच, पीएच (आम्ल-अल्कधर्मीपणाचं माप; आकडा कमी तितकं जास्त आम्ल). हळदीत चुना घातला की कुंकू होतं, तेच तुमच्या डबीत झालंय. मेण आणि पाणी एकजीव करायला घातलेला बोरॅक्स (टाकणखार) चुन्यासारखाच अल्कधर्मी असतो. बुरशी रोखायला घातलेलं सोडियम बेंझोएटही अशा वेळी कुचकामी. त्याचं खरं काम बेंझोइक आम्ल करतं आणि पीएच ५ च्या वर ते फारसं उरतच नाही. बेंझोएट वाढवून उपयोग नाही.

पण थेट सायट्रिक आम्ल ओतू नका, मेण-बोरॅक्सचं मिश्रण फाटतं. (माझं ताकासारखं झालं होतं!) मेण-बोरॅक्सऐवजी नॉनआयॉनिक इमल्सिफायिंग वॅक्स (तेल-पाणी एकजीव करणारं, आम्लाने न फाटणारं मेण) घ्या, मग सायट्रिकचं १० टक्के द्रावण थेंबाथेंबाने घालत पीएच ४.५ च्या आसपास आणा. पीएच मोजायच्या कागदी पट्टीवर हळदीचा पिवळा रंग चढतो आणि वाचन चुकतं, म्हणून आधी बिनहळदीचा थोडा नमुना करून मोजा.

कुरकुमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं रंगद्रव्य, उजेडातही फिकं पडतं, तेव्हा काचेची पारदर्शक बाटली नको. आणि बुरशी आलेली डबी फेकूनच द्या, वरचा थर काढून वापरू नका.