किलोमीटर बोलून केलेली मदत : तुमचे अनुभव लिहा

आर्वी तालुका, जि. वर्धा (शिक्षक)

30 जुलै 2024 ला वायनाडमध्ये मुंडक्कै-चूरलमलावर दरड कोसळली. त्याच आठवड्यात आमच्या गावच्या पोरांनी ठरवलं, या वेळी नुसता डबा फिरवायचा नाही. जो जितकं चालेल किंवा धावेल, त्याच्या दर किलोमीटरमागे ओळखीच्या लोकांनी बोललेले रुपये द्यायचे. पैसे केरळच्या मुख्यमंत्री मदत निधीत गेले आणि पावती ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली. पावसाळा सरला तरी पहाटेचं चालणं चालूच राहिलं. माझी साखर आटोक्यात आली, डॉक्टरांनी गोळी कमी केली. स्वतःसाठी ठरवलेला व्यायाम माझ्याकडून दर वेळी सुटायचा. दुसऱ्याच्या नावानं बोललेला किलोमीटर मात्र चुकवावासा वाटत नाही.

तुमच्याकडे असं काही झालं असेल तर लिहा. पैसे कसे जमवले, कुठे पाठवले, अंगात काय फरक पडला, सगळं.

दारव्हा तालुका, जि. यवतमाळ (बचत गट)

सर, पहिला प्रश्न आम्हाला घरूनच आला. "दिवसभर वावरात राबता, मंग अजून काहून चालता?" निंदण-वेचणी करणाऱ्या बाईला विचारून पाहा. दिवसभर कंबर वाकलेली, पोटाशी कापसाची ओटी. अंग दुखतं, पण दम वाढत नाही. बाजाराच्या चढावर मला धाप लागायचीच.

वेचणी उरकल्यावर आम्ही संध्याकाळी पांदणीनं चालू लागलो. डोक्यावर भारा नाही, हातात विळा नाही, काखेत लेकरू नाही. हात हलवत, मान ताठ ठेवून चालायचं आम्हाला नवीनच होतं. आधी बाया पदर सावरत हळू चालायच्या. मग पदर खोचून, लेकीचे बूट घालून झपाझप निघू लागल्या. आता माझी कंबर पहिल्यासारखी धरत नाही आणि चढही एका दमात होतो.

दर फेरीचा रुपया गटाच्या वहीत लिहिला जायचा, किराणावाले भाऊ तितकीच भर घालायचे. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात पूर आला तेव्हा त्या पैशाच्या चादरी घेऊन पाठवल्या. आमचंही सोयाबीन पाण्यात गेलं होतं. पण आमच्या डोक्यावर छप्पर होतं, त्यांच्या घरात गाळ होता.

शेगाव, जि. बुलढाणा

मी श्रींच्या पालखीसोबत पंढरपूरला पायी जातो, त्यावरून एकच सांगतो. नवी चप्पल घालून लांब निघू नका. आधी आठवडाभर गावातल्या गावात वापरा, अंतर थोडं थोडं वाढवा. फोड आला तर फोडू नका, स्वच्छ कापड बांधा.

मुलचेरा, जि. गडचिरोली (पोलीस भरतीची तयारी)

आमची बंगाली वस्ती. पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेल्या आमच्या लोकांना पुनर्वसनात इकडे जमिनी मिळाल्या. आजी सांगते, निघाली तेव्हा कडेवर माझे मोठे काका होते आणि पदराच्या गाठीत पोहे नि मीठ.

भरतीत मुलींना 800 मीटर आणि मुलांना 1600 मीटर धावावं लागतं. सराव तर रोजचाच होता. मग वाचनात आलं, की जगभरचे निर्वासित सुरक्षित जागी पोहोचायला वर्षाला मिळून सुमारे दोनशे कोटी किलोमीटर अंतर कापतात, असा यूएनएचसीआरचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेचा, अंदाज आहे. तितकंच अंतर बाकीच्यांनी चालून-धावून त्यांच्यासाठी मदत उभी करावी, अशी मोहीम त्यांनी 2019 मध्ये काढली होती. आम्ही सुदानसाठी धावायचं ठरवलं. तिथं 15 एप्रिल 2023 पासून लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलंय, एक कोटीहून जास्त लोकांना घर सोडावं लागलं. वस्तीत पैसे मागायला गेलो तेव्हा सगळ्यात आधी म्हाताऱ्यांनी गाठी सोडल्या. सुदान कुठे आहे ते आजीनं विचारलंच नाही. "पाणी मिळतं का त्यांना?" एवढंच विचारलं. पैसे ऑनलाइन यूएनएचसीआरकडे पाठवले.

आळसावून पडावंसं वाटतं त्या दिवशी मला तिचा प्रश्न आठवतो आणि मी उठते. माझी वेळही सुधारली.

धारणी, मेळघाट (आशा सेविका)

मुलचेऱ्याच्या ताई, तुमच्या आजीच्या प्रश्नावरून लिहिते. 1971 च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला होता. सलाईन संपत आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून लोक वाचवले. शंभरातले तीस दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आलं. धावणाऱ्यांनी तीच ओआरएसची पुडी सोबत ठेवा, एक लिटर पाण्यात पूर्ण पुडी. एप्रिल-मे मध्ये ऊन चढायच्या आत घरी या.

आणि कळकळीनं सांगते, आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. धावायला लागण्याआधी तपासणी करून घ्या. आजार असलेल्यानं दम तुटेपर्यंत पळलं, त्यात पाणी कमी पडलं, की रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिनी तुंबते आणि असह्य कळा येतात. नुसता वाहक असला तरी भर उन्हात जोर लावू नये. अशा मुलांना डॉक्टरांना विचारून हळू चालू द्या, पण गटाबाहेर ठेवू नका.

मुलचेरा

ताई, आमच्या गटातला एक मुलगा सिकलसेलचा आहे. आम्ही धावायला निघालो की तो घरीच बसायचा. उद्यापासून घड्याळ आणि किलोमीटरची वही त्याच्याकडे, डॉक्टर सांगतील तितकं तो आमच्यासोबत चालेल. बाकी सगळे या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीला जातो. उपाशीपोटी जावं लागतं का, तेवढं सांगा.