प्रशिक्षकाच्या चुकीची शिक्षा खेळाडूंनी किती भोगावी?

मध्यरेषा (प्रश्न)

पॅरिस ऑलिंपिकमधील कॅनडाच्या महिला फुटबॉल संघाच्या प्रकरणावर मित्रमंडळींत पुन्हा एकदा जोरदार वाद झाला आणि त्यातून काहीच निष्पन्न झाले नाही, म्हणून हा प्रश्न येथे मांडत आहे. जुलै 2024 मध्ये, कॅनडाच्या पहिल्या सामन्याच्या काही दिवस आधी, न्यूझीलंडच्या सरावावर ड्रोन घिरट्या घालताना दिसला आणि तो कॅनडाच्या पथकातील एका विश्लेषकाचा असल्याचे उघड झाले. फिफाने मुख्य प्रशिक्षक बेव्ह प्रीस्टमन यांच्यासह तिघांवर एक वर्षाची बंदी घातली, कॅनडाच्या फुटबॉल संघटनेला 2 लाख स्विस फ्रँकचा दंड केला आणि संघाचे 6 गुण कापले.

दंड आणि बंदी यांबाबत माझी काहीच तक्रार नाही. माझा आक्षेप गुणांच्या कपातीला आहे. गटात प्रत्येक संघाचे तीनच सामने असतात. त्यातले दोन जिंकून मिळणारे सगळे गुण ज्यांच्याकडून काढून घेतले, त्या खेळाडूंपैकी एकीवरही फिफाने वैयक्तिक ठपका ठेवलेला नव्हता. तरीही त्या तिन्ही सामने जिंकल्या. फ्रान्सविरुद्ध बरोबरीवर समाधान मानणे परवडणारे नव्हते, आणि भरपाई वेळेच्या बाराव्या मिनिटाला व्हॅनेसा जाइल्सने विजयी गोल केला. कोलंबियाविरुद्धचा एकमेव गोलही तिचाच होता. नऊ गुण मिळवूनही खात्यावर तीनच राहिले, पहिल्या क्रमांकाचा हक्काचा संघ गटात दुसरा ठरला, आणि उपांत्यपूर्व फेरीत जर्मनीकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरला.

चूक प्रशिक्षकांची असेल तर तिची किंमत मैदानावर उतरणाऱ्यांनी मोजावी का, आणि मोजावी लागणारच असेल तर ती कुठपर्यंत, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे. केवळ या प्रकरणापुरते नव्हे, इतर खेळांतील उदाहरणे दिलीत तर अधिक बरे.

डावखुरा

आपल्या भावनेशी सहमत असूनही मी निष्कर्षाशी सहमत नाही. या सगळ्या चर्चेत न्यूझीलंडच्या खेळाडूंना कोणीच विचारात घेत नाही. त्यांनी आपले सेट पीस, म्हणजे फ्री किक, कॉर्नर यांच्या ठरलेल्या चाली, आणि आपली बचावाची मांडणी बंद दाराआड तयार केली होती आणि ती दुसऱ्या संघाच्या हाती पडण्याची शक्यता निर्माण झाली. त्यांचाही काही दोष नव्हता. न्यूझीलंडविरुद्धचा सामना कॅनडाने 2-1 असा जिंकला. चोरलेल्या माहितीचा त्या विजयात वाटा किती होता हे कोणालाही मोजता येणार नाही, आणि नेमके म्हणूनच ‘आमच्या खेळाडूंना काही माहीत नव्हते’ हा बचाव अपुरा पडतो. प्रशिक्षक जी माहिती मिळवतो ती स्वतःपाशी ठेवत नाही. ती सरावात उतरते, संघनिवडीत उतरते, मध्यंतरातल्या सूचनांमध्ये उतरते. खेळाडूला तिचा उगम ठाऊक नसला तरी तिचा फायदा त्याच्या खेळात येऊन बसतो.

केवळ प्रशिक्षकाला शिक्षा केली तर काय होते, याचे उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. जानेवारी 2019 मध्ये लीड्स युनायटेडचे प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा यांचा एक कर्मचारी डर्बी काउंटीच्या सराव मैदानाबाहेर सापडला. दुसऱ्याच दिवशी लीड्सने डर्बीला 2-0 असे हरवले. बिएल्सांनी पत्रकार परिषद बोलावून, आपण त्या हंगामातल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचा सराव पाहून घेतला आहे, असे उघडपणे सांगितले. क्लबला 2 लाख पौंडांचा दंड झाला, तो बिएल्सांनी स्वतःच्या खिशातून भरला आणि लीड्सचा एकही गुण कमी झाला नाही. सामन्याआधीच्या 72 तासांत प्रतिस्पर्ध्याचा सराव पाहू नये असा स्पष्ट नियम लीगने केला तो या प्रकरणानंतर. बिएल्सांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे, परंतु मोठ्या क्लबांच्या हिशेबात असा दंड म्हणजे किरकोळ खर्च. गुण जातात तेव्हाच संघटनेचे पदाधिकारी, सहायक, विश्लेषक आणि स्वतः खेळाडू प्रशिक्षकावर लक्ष ठेवू लागतात.

माझा आक्षेप असलाच तर कपातीच्या आकड्यावर आहे. ज्या सामन्याशी ड्रोनचा संबंध होता त्याचे 3 गुण काढले असते तर त्यामागचे तर्कशास्त्र कोणालाही समजले असते. 6 गुण का, हे सामान्य प्रेक्षकाला पटेल अशा रीतीने समोर आलेच नाही. क्रीडा लवाद न्यायालयाने कॅनडाचे अपील फेटाळले. त्यामुळे निर्णय कायद्याने टिकला, शंका मात्र तशीच राहिली.

स्केटिंगवेडी

सांघिक खेळात दोष विभागला तरी जातो. एकट्या खेळाडूच्या बाबतीत, त्यातही ती खेळाडू अल्पवयीन असेल तर, हा प्रश्न कितीतरी अधिक कठोर होतो. मी 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमधील रशियन फिगर स्केटर कामिला वालिएवाबद्दल बोलते आहे, आणि हे लिहिताना आजही मला संताप येतो.

ती तेव्हा 15 वर्षांची होती. 25 डिसेंबर 2021 रोजी घेतलेल्या तिच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडीन हे हृदयविकारावरचे, खेळाडूंना बंदी असलेले औषध सापडले, पण त्याचा अहवाल आला तो ऑलिंपिकमधील सांघिक स्पर्धा होऊन गेल्यावर. लवाद न्यायालयाने तिला वैयक्तिक स्पर्धेत खेळू दिले. पहिल्या टप्प्यानंतर ती आघाडीवर होती. त्यानंतरच्या फ्री स्केट या दुसऱ्या, मोठ्या टप्प्यात ती पुन्हा पुन्हा पडली आणि चौथ्या क्रमांकावर फेकली गेली. बर्फावरून बाहेर येणाऱ्या त्या रडवेल्या मुलीला प्रशिक्षक एतेरी तुतबेरीद्झे यांनी जवळ घेण्याआधी, तू लढणे का सोडलेस, असा जाब विचारला. सगळ्या जगाने ते दूरचित्रवाणीवर पाहिले. सोबतच्या मंडळींची ती थंड वागणूक पाहून आपण अस्वस्थ झालो, असे ऑलिंपिक समितीचे तत्कालीन अध्यक्ष थॉमस बाख यांनी दुसऱ्या दिवशी जाहीरपणे सांगितले.

पुढे काय झाले? जानेवारी 2024 मध्ये वालिएवावर चार वर्षांची बंदी आली, ती नमुना दिल्याच्या तारखेपासून मोजली गेली. सांघिक सुवर्ण अमेरिकेकडे गेले आणि तिचा संघ तिसऱ्या स्थानावर आला. तिच्या बाजूने, आजोबांच्या औषधाशी संपर्क आल्याने हे घडले, असे सांगण्यात आले. लवादाने ते मान्य केले नाही. पंधरा वर्षांची मुलगी रोज काय खाते, कोणत्या गोळ्या घेते, कोणत्या डॉक्टरकडे जाते हे ठरवणारी माणसे मोठी असतात. खेळाडू अल्पवयीन असेल तर तिच्या सोबतच्या मंडळींची आपोआप चौकशी व्हावी, असे जागतिक उत्तेजकविरोधी संहिता सांगते. चार वर्षांची बंदी मात्र एकट्या मुलीच्या वाट्याला आली.

शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार, हा उत्तेजकविरोधी नियमांचा पाया आहे आणि तो का आहे हे मला समजते. तो सैल केला तर प्रत्येक जण ‘मला कोणीतरी दिले’ असे म्हणून मोकळा होईल. निकाल रद्द होणे म्हणूनच योग्य आहे, कारण इतर स्पर्धकांना न्याय मिळायला हवा. परंतु निकाल रद्द करणे आणि चार वर्षे खेळापासून तोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी शिक्षा मुलीला देताना मोठ्यांचा गुन्हा तिच्या माथी मारला जातो. नंतर स्केटिंग महासंघाने वरिष्ठ स्पर्धांसाठी किमान वय टप्प्याटप्प्याने 17 केले. ते चांगलेच झाले.

कुस्तीप्रेमी

वरच्या चर्चेत विनेश फोगाटचे नाव कोणीतरी आणणारच, म्हणून आधीच सांगतो की ते प्रकरण या रांगेत बसत नाही. तेथे लबाडी नव्हती. 7 ऑगस्ट 2024 रोजी 50 किलो गटाच्या अंतिम लढतीच्या सकाळी तिचे वजन 100 ग्रॅम जास्त भरले आणि तिला अपात्र ठरवून शेवटचे स्थान दिले गेले. आदल्या दिवशी तिने, तोवर एकही आंतरराष्ट्रीय लढत न हरलेल्या जपानच्या युई सुसाकीला हरवले होते.

ज्यांना वजन उतरवणे म्हणजे काय हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पैलवान वजनाच्या आधी शरीरातले पाणी काढतो, खाणे जवळजवळ बंद करतो, घाम गाळतो. वजन झाले की लढण्याची ताकद यावी म्हणून पुन्हा खातो, पितो. लढती दोन दिवस चालणार असतील तर दुसऱ्या सकाळी पुन्हा काट्यावर उभे राहावे लागते. तीन लढतींनंतर किती पाणी द्यायचे, किती खायला द्यायचे, ते किती वेळात पुन्हा उतरेल, हा सगळा हिशेब प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ आणि डॉक्टर यांचा असतो. पैलवान त्या वेळी दमलेला असतो. विनेशने रात्रभर व्यायाम केला, सौना घेतला, शेवटी केस कापले, तरी शंभर ग्रॅम उरलेच. वजनाची जबाबदारी खेळाडू आणि त्याच्या प्रशिक्षकाची असते, वैद्यकीय पथकाची नव्हे, अशी भूमिका भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्षा पी. टी. उषा यांनी घेतली. नियमाच्या भाषेत ते चूक म्हणता येणार नाही. तथापि अपात्रता आली ती एकट्या विनेशच्या नावावर.

पुढच्याच वर्षी झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत अमन सेहरावत 1.7 किलो जास्त भरला आणि बाद झाला. राष्ट्रीय महासंघाने त्याच्यावर एक वर्षाची बंदी घातली, ती नंतर मागे घेतली. ज्याने पॅरिसमध्ये एका रात्रीत साडेचार किलोंच्या वर वजन उतरवून कांस्यपदक आणले होते, त्याच्याबाबत हे घडावे याचे मला फार वाईट वाटले. काट्यावर नियम ढिला करा असे मी अजिबात म्हणणार नाही. शंभर ग्रॅम चालले तर उद्या दोनशे मागतील. पण पहिल्या दिवशी नियमात राहून जिंकलेल्या लढती दुसऱ्या दिवशीच्या वजनामुळे पुसून का टाकायच्या? अंतिम लढत गमवावी, रौप्यपदक राहावे. लवाद न्यायालयात विनेशची मागणी हीच होती आणि ती फेटाळली गेली.

राखीव फळी

या चर्चेत एक बाजू सुटली आहे. प्रशिक्षकाला शिक्षा व्हावी असे सगळेच म्हणतात, पण त्याच्याविरुद्ध पुरावा कोण देणार? तो बहुतेक वेळा खेळाडूच देऊ शकतो, आणि खेळाडूचे संघातले स्थान त्याच प्रशिक्षकाच्या हाती असते.

रग्बीतले 2009 चे ‘ब्लडगेट’ प्रकरण यासाठी मुळापासून पाहण्यासारखे आहे. हायनेकेन कप या युरोपातील क्लब स्पर्धेच्या उपांत्यपूर्व सामन्यात हार्लेक्विन्स संघ लेन्स्टरविरुद्ध 6-5 असा मागे होता. लाथेने चेंडू गोलखांबांमधून मारून गुण मिळवणारा त्यांचा किकर निक इव्हान्स आधीच बदली होऊन बाहेर गेला होता आणि रक्त येणाऱ्या खेळाडूच्या जागीच तो परत येऊ शकत होता. म्हणून हार्लेक्विन्सच्या टॉम विल्यम्सने मोज्यात लपवलेली खोट्या रक्ताची कॅप्सूल चावली आणि तोंडातून लाल ओघळ सोडत तो बाहेर पडला. जाता जाता त्याने मारलेला डोळा कॅमेऱ्यात टिपला गेला. संशय आल्यावर ड्रेसिंग रूममध्ये संघाच्या डॉक्टरांनी त्याच्या ओठाला खरोखरच छेद दिला, म्हणजे जखम दाखवता यावी.

पहिल्या सुनावणीत विल्यम्सवर 12 महिन्यांची बंदी आली, क्लबला दंड झाला, आणि प्रशिक्षण विभागाचे प्रमुख डीन रिचर्ड्स सुटले! विल्यम्सने अपिलात सगळे खरे सांगितले तेव्हा त्याची बंदी 4 महिन्यांवर आली, रिचर्ड्स यांच्यावर 3 वर्षांची आणि फिजिओवर 2 वर्षांची बंदी आली. तो गप्प राहिला असता तर आदेश देणारा माणूस आजही निर्दोष म्हणवला गेला असता. सत्य सांगणाऱ्या खेळाडूला शिक्षेत मोठी सूट मिळेल आणि त्याचे संघातले स्थान सुरक्षित राहील, हे नियमात लिहिलेले हवे. डावखुरा म्हणतात तशी गुणकपात असावी, पण एखाद्या खेळाडूने आधीच तक्रार केली असेल तर ती माफ व्हावी. मग ड्रोन उडण्याआधीच कोणीतरी तोंड उघडेल.

उलट प्रकारचे उदाहरणही आहे. धावपटूंचे प्रशिक्षक आल्बर्टो सालाझार यांच्यावर 2019 च्या दोहा जागतिक स्पर्धेदरम्यान उत्तेजकविरोधी नियम मोडल्याबद्दल चार वर्षांची बंदी आली. त्यांच्या गटातील सिफान हसनने त्याच स्पर्धेत 1500 आणि 10,000 मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. तिच्याविरुद्ध काहीच सिद्ध झालेले नव्हते आणि तिची पदके तिच्याकडेच राहिली. ते मला योग्य वाटते, पण प्रेक्षकांच्या मनातला संशय तिला वाहावा लागलाच.

मध्यरेषा

सर्वांचे मनापासून आभार. न्यूझीलंडच्या खेळाडूंचा मुद्दा मी खरोखरच पुरेसा विचारात घेतला नव्हता, आणि डावखुरा यांच्या तीन गुणांच्या सूचनेला माझी आता हरकत नाही. राखीव फळी यांनी सुचवलेली सूटही मला पटते, मात्र एक अडचण दिसते. राष्ट्रीय संघातील खेळाडूने तक्रार केली आणि पुढच्या वर्षी तिची निवडच झाली नाही, तर ती सूडाने वगळली गेली की कामगिरीमुळे, हे कोण ठरवणार? निवड समितीही त्याच संघटनेची असते. कोणत्या खेळात यासाठी स्वतंत्र व्यवस्था नीट चालते आहे, हे कोणी सांगू शकेल का?

स्केटिंगवेडी

पूर्णपणे नीट चालणारी व्यवस्था मी पाहिलेली नाही. अमेरिकेत जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने खेळाडू मुलींचे लैंगिक शोषण केल्याच्या प्रकरणाने देश हादरल्यानंतर, लैंगिक आणि मानसिक छळाच्या तक्रारींसाठी क्रीडा संघटनांच्या बाहेरची ‘सेफस्पोर्ट’ ही संस्था कायद्याने अधिकृत करण्यात आली. सालाझार यांच्यावर 2021 मध्ये कायमची बंदी घातली ती या संस्थेने, उत्तेजकविरोधी यंत्रणेने नव्हे. तपासाला लागणाऱ्या वेळाबद्दल तिच्यावर खूप टीका होते आणि ती रास्त आहे. तरीही तक्रार ऐकणारा माणूस निवड समितीत बसत नाही, एवढे तेथे साधले आहे. निवडीतल्या सूडाचा प्रश्न मात्र त्यानेही सुटत नाही. त्यासाठी निवडीचे निकष हंगामाआधी आकड्यांत जाहीर करावे लागतील. धावण्यात किंवा पोहण्यात ते सोपे आहे. फुटबॉलमध्ये ते कसे करायचे, हे डावखुरा यांनीच सांगावे.