टेलिम्को सेट आणि ह्यूगो गर्न्सबॅकची इलेक्ट्रो इम्पोर्टिंग कंपनी: कुणी सविस्तर सांगेल का?

जुनी_कॉइल:
विज्ञानकथांसाठी जो ह्यूगो पुरस्कार देतात तो ज्याच्या नावाने आहे तो ह्यूगो गर्न्सबॅक आधी वायरलेसचं सामान बनवून विकायचा हे मला नुकतंच कळलं. न्यूयॉर्कला त्याची इलेक्ट्रो इम्पोर्टिंग कंपनी होती आणि तिचा टेलिम्को हा घरी वापरण्यासाठी लोकांना विकत मिळालेला पहिला पूर्ण वायरलेस सेट मानतात. जानेवारी 1906 मध्ये सायंटिफिक अमेरिकनमध्ये त्याची जाहिरात होती, किंमत 8.50 डॉलर. मला कळत नाहीये ते हे की तेव्हा रेडिओ स्टेशनंच नव्हती, मग लोक सेट घेऊन ऐकायचे काय? आणि परदेशातून आलेल्या विशीतल्या पोराने एवढ्या लवकर हा धंदा उभा कसा केला? कुणी नीट वाचलं असेल तर प्लीज लिहा, मला या विषयात खरंच रस आहे.

ठिणगी:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की ऐकायचे नाहीतच, घंटी वाजवायचे :) आवाज पाठवायची सोयच त्यात नव्हती. एका सेटमध्ये पाठवणारा आणि घेणारा असे दोन्ही भाग यायचे, म्हणजे एक इंची ठिणगी देणारी स्पार्क कॉइल, मोर्सची की (संदेश पाठवायला दाबायचं बटण), चार ड्राय सेल, दुसऱ्या बाजूला लहर ओळखणारा कोहीरर, रिले (छोट्या करंटने दुसरा करंट चालू करणारा स्विच) आणि घंटी.

यातला कोहीरर मला सगळ्यात भारी वाटतो. काचेची छोटी नळी, तिच्यात दोन्ही बाजूंनी धातूचे दट्टे आणि मधल्या फटीत धातूचा कीस. एरवी तो कीस सुटा असतो त्यामुळे त्यातून करंट जवळजवळ जातच नाही. तिकडे कुणी की दाबली, ठिणगी पडली आणि लहर येऊन पोचली की कीस एकमेकांना चिकटल्यासारखा होतो, वाट मोकळी होते, रिले ओढला जातो आणि घंटी वाजते. पण लहर थांबली तरी कीस आपोआप सुटत नाही! म्हणून घंटीचा टोला परत येताना त्या नळीवर टकटक करेल अशी मांडणी असायची, टिचकी बसली की कीस सुटा, नळी पुढच्या लहरीसाठी तयार. म्हणजे घंटी नुसती कळवायचं काम करत नव्हती, यंत्र चालू राहायला ती लागायचीच.

ट्यूनिंग वगैरे काही नाही, आसपास कुठेही ठिणगी पडली तरी वाजणार. जाहिरातीत एक मैलापर्यंत चालेल असं म्हटलं होतं. पण विचार करा, 1906 साली एका खोलीत की दाबली आणि मध्ये तार नसताना दुसऱ्या खोलीतली घंटी वाजली तर बघणाऱ्याला काय वाटलं असेल! आणि मासिकातली जाहिरात बघून मागवून हे कुणालाही घरी करता येत होतं.

पोस्टकार्ड:
ठिणगी, मस्त समजावलंत. मी दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

गर्न्सबॅक 1884 चा, लक्झेंबर्गमधला ज्यू कुटुंबातला मुलगा, वडील वाइनचे व्यापारी. लहानपणापासून विजेचं वेड, पुढे जर्मनीत बिंगेनला टेक्निकल शिक्षण. 1904 मध्ये अमेरिकेला आला तो एक नवीन बॅटरी घेऊन, म्हणजे आपल्या शोधावर तिकडे पैसे मिळतील या भरवशावर. पण ती बॅटरी मोठ्या प्रमाणावर बनवायला परवडेना. मला वाटतं खरी गंमत इथे आहे. प्रयोगांसाठी सामान शोधताना त्याला दिसलं की युरोपात सहज मिळणाऱ्या बारीकसारीक वस्तू अमेरिकेत मिळतच नाहीयेत आणि त्याच्यासारखेच हौशी लोक त्यासाठी अडून बसलेत. मग लुईस कॉगशॉल नावाचा एक तार ऑपरेटर मित्र सोबत घेऊन त्याने आयातीचा धंदा काढला, कंपनीच्या नावात इम्पोर्टिंग आहे ते त्यामुळेच. युरोपातनं माल कुठून आणायचा हे तिथे वाढलेल्या माणसाला माहीत होतं, अमेरिकन दुकानदाराला ते सुचलंच नसतं. परका असणं बहुतेकांना अडचणीचं जातं, याच्या बाबतीत तेच भांडवल झालं असं माझं मत आहे.

एक किस्सा त्याने स्वतः नंतर सांगितलेला. एवढ्या कमी किमतीत वायरलेस देणं शक्यच नाही, ही फसवणूक आहे अशी कुणीतरी तक्रार केली आणि पोलीस ऑफिसात आला. त्याला सेट चालवून दाखवला, घंटी वाजली, तरी त्याचं समाधान होईना, म्हणे जाहिरातीत वायरलेस म्हणता मग या एवढ्या वायरी कशाला? पुढे तर हा सेट न्यूयॉर्कच्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्येसुद्धा विकायला होता.

एक_आणा:
मला थोडं वेगळं म्हणायचंय. पहिला सेट, पहिला सेट हे जरा जास्त होतं असं वाटतं. कोहीररचं तत्त्व ब्रॅन्ली आणि लॉज या शास्त्रज्ञांचं, मार्कोनीची कंपनी 1897 पासून होतीच, टेलिम्कोमध्ये नवीन शोध असा काहीच नाही. गर्न्सबॅकचं खरं काम मला त्याच्या कॅटलॉगमध्ये दिसतं. सुटे पार्ट, त्यांची चित्रं, कुठला कुठे जोडायचा त्याची माहिती, म्हणजे शाळकरी पोरगं पण ते वाचून बसल्या बसल्या शिकेल असं. त्या कॅटलॉगच्या धंद्यातूनच 1908 मध्ये मॉडर्न इलेक्ट्रिक्स मासिक आलं आणि 1909 मध्ये वायरलेस असोसिएशन ऑफ अमेरिका, रेडिओची ऑडिऑन ट्यूब शोधणारा ली डी फॉरेस्टसारखा माणूस तिचा अध्यक्ष.

आता जुनी_कॉइल यांनी विचारलं की ऐकायला काय होतं, तर काही नव्हतं म्हणूनच त्याने ही असोसिएशन काढली असं मी म्हणेन. समोर दुसरा सेटवाला असल्याशिवाय आपल्या सेटचा उपयोग नाही, मग सेटवाले तयार करा, त्यांना एकमेकांचे पत्ते मिळू द्या, मासिकातून शिकवा. यात त्याचा धंदा होता हे उघड आहे, पण त्यामुळे मुलांच्या हातात सोल्डरिंग आयर्न आलं हेही तितकंच खरं आहे. त्या पिढीतले हौशी लोक नसते तर 1920 नंतर ब्रॉडकास्टिंग सुरू झालं तेव्हा सेट जोडून देणारे, रिपेर करणारे एवढे हात आले असते कुठून?

जुनी_कॉइल:
वा, सगळ्यांचे खूप आभार, घंटीच्या टोल्याचं तर मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. एक_आणा, तुमचा मुद्दा पटला. मग एवढं सगळं असताना कंपनीचं नाव पुढे ऐकू का येत नाही? रेडिओचा खरा धंदा तर 1920 नंतर वाढला ना?

पोस्टकार्ड:
दोन धक्के बसले. अमेरिकेत 1912 चा वायरलेसचा कायदा आला, टायटॅनिकनंतर वायरलेसवर नियम हवेत असं वातावरण होतंच, त्यात हौशी लोकांना लायसन्स घ्यायला लावलं आणि 200 मीटरपेक्षा कमी लांबीच्या लहरींवर, एक किलोवॉटच्या आतल्या ताकदीवर बसवलं. तेव्हा त्या लहरी बिनकामाच्या समजत, पण त्यावरूनच पुढे याच लोकांनी लांबलांबचे पल्ले गाठले. म्हणजे तो धक्का पचला. दुसरा नाही पचला. एप्रिल 1917 मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि सरकारने हौशी स्टेशनं बंद करायला लावली, ती बंदी पूर्ण उठेपर्यंत 1919 उजाडलं. ज्या कंपनीचं गिऱ्हाईकच हे लोक, तिचा माल घेणार कोण?

वायरलेसचे पार्ट पडून राहिले तेव्हा गर्न्सबॅकने मुलांसाठी विजेच्या प्रयोगांचे खेळण्यांचे संच बनवून त्यातून माल खपवला. तोपर्यंत त्याचं लक्ष छपाईकडे वळलेलं होतं, 1913 पासून इलेक्ट्रिकल एक्सपेरिमेंटर मासिक चालू होतं, 1919 मध्ये त्याने रेडिओचं स्वतंत्र मासिक काढलं, 1925 मध्ये न्यूयॉर्कला स्वतःचं डब्ल्यूआरएनवाय रेडिओ स्टेशन आणि 1926 मध्ये अमेझिंग स्टोरीज हे विज्ञानकथांचं मासिक, ज्यामुळे आज पुरस्काराला त्याचं नाव आहे. 1920 नंतर लोकांना तयार पेटी हवी होती, बटण फिरवलं की गाणं लागलं पाहिजे, आणि सुटे पार्ट विकणाऱ्या माणसाने तोवर कागद आणि शाई धरली होती.