मदत हवी आहे: युनिटीत रंगाचा फुगा फलकातून आरपार जातोय

नमस्कार मंडळी, इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरवर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) एक छोटा थ्रीडी गेम बनवतेय. राजवाड्यासमोरून ट्रक सरकत जातो, त्यावर उभा फलक. गच्चीवरून नेम धरून रंगाचे फुगे मारायचे. युनिटी (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) आणि सी शार्प (त्यात वापरायची प्रोग्रामिंग भाषा) दोन्ही मला नवीन.

हळू फेकलेला फुगा फलकावर नीट फुटतो. जोरात फेकला की सरळ आरपार, ऑनकोलिजनएंटर (टक्कर झाली की चालणारं फंक्शन) चालतच नाही. गणित मांडून पाहिलं: वेग सेकंदाला ३० मीटर, फिक्स्ड टाइमस्टेप (हालचाल-टक्करीच्या दोन हिशोबांमधला वेळ) ०.०२ सेकंद, म्हणजे एका स्टेपमध्ये फुगा ६० सेंटिमीटर पुढे. फलक ५ सेंटिमीटरचा, फुगा १५ चा. मधल्या मध्ये निसटणारच की!

म्हणून फुग्याच्या रिजिडबॉडीत (वस्तूला भौतिकीचे नियम लावणारा घटक) कोलिजन डिटेक्शन, म्हणजे टक्कर ओळखायची पद्धत, डिस्क्रीटवरून (फक्त प्रत्येक स्टेपची जागा तपासणारी) कंटिन्युअस डायनॅमिक (मधला मार्गही तपासणारी) केली. राजवाड्याची भिंत आता फुगे अडवते, ट्रकवरचा फलक मात्र नाही. ट्रकची रिजिडबॉडी कायनेमॅटिक (धक्क्यानं नाही, फक्त कोडनं हलणारी) आहे, तिथं डिटेक्शन अजून डिस्क्रीटच, आणि ट्रक मी अपडेटमध्ये (दर फ्रेमला चालणारं फंक्शन) ट्रान्सफॉर्म डॉट पोझिशन, म्हणजे थेट त्याची जागा, बदलून पुढे ढकलते. गडबड इथंच असावी असा माझा संशय.

तर ट्रक फिक्स्डअपडेटमध्ये (दर फिक्स्ड टाइमस्टेपला चालणारं फंक्शन) मूव्हपोझिशननं (रिजिडबॉडी हलवायची आज्ञा) हलवावा, की फुग्याला कंटिन्युअस स्पेक्युलेटिव्ह (पुढची टक्कर आधीच अंदाजणारी पद्धत) लावावं? की दोन्ही? मोबाइलवर एका वेळी बरेच फुगे उडतात, तेव्हा कोणतं हलकं पडेल?



कोलायडर (टक्करीसाठी धरलेला वस्तूचा अदृश्य आकार) जाड कर, एवढं मात्र सुचवू नका. करून पाहिलंय, फुगा फलकाच्या अलीकडे हवेतच फुटतो.