आंबणे, मुरणे, गाळणे: द्राक्षाच्या रसाला मराठीत नेमकं काय होतं?

उंबरठा (नाशिक)

शब्द अडला आहे, मदत हवी आहे. आमच्या बचत गटासाठी ‘घरचे आंबवलेले पदार्थ’ असं चार पानांचं टिपण लिहितेय. नागलीची आंबील, कुरडईचा चीक, कांजी आणि शेवटी द्राक्षाचा शिरका, म्हणजे व्हिनेगर. पहिली तीन पानं एका बैठकीत झाली. कुरडईचं तर न पाहता लिहिता येतं: गहू तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं, तिसऱ्या दिवशी दाणा दोन बोटांत चिरडला की पांढरा चीक बाहेर यायला हवा आणि पातेल्यावरचं झाकण उचलताच आंबूस वास यायला हवा. तो वास आला नाही तर आई गहू वाटायला घेऊच द्यायची नाही.

अडले ती शिरक्यापाशी. शिरका दोन टप्प्यांत होतो. आधी रसातली साखर खाऊन यीस्ट तिचं अल्कोहोल करतं, मग जीवाणू हवेच्या मदतीनं त्या अल्कोहोलचं आम्ल करतात. मी वाक्य लिहिलं, “द्राक्षाचा रस आधी ____ आणि मग आंबतो.” त्या रिकाम्या जागेत काय लिहू? ‘किण्वन होते’ लिहिलं तर गटातल्या बायका कागद बाजूला ठेवतील. ‘आंबतो’ दोनदा लिहिलं तर चूक ठरेल, कारण पहिल्या टप्प्यात रस आंबट होतच नाही, त्याची गोडी तेवढी जाते.

हे मी स्वतः पाहिलं आहे. गेल्या मार्चमध्ये एक क्रेट द्राक्षं स्वस्तात मिळाली, रस काढून बरणीत भरला आणि झाकण घट्ट लावलं. तिसऱ्या रात्री झाकण उडून ओट्यावरची फरशी जांभळी झाली. सकाळी शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, “अगं, घरात दारू काढतेस की काय?” मी म्हटलं, “नाही हो काकू, शिरका घातलाय.” आता वाटतं, त्या क्षणी बरणीत जे होतं त्याला काकूंचाच शब्द जास्त जवळचा होता.

पंचवटीकर

ताई, तुमची शंका अगदी मुळाला हात घालणारी आहे. आंबणे, आंबट, आंबूस, आंबील हे सगळं कुटुंब संस्कृत ‘अम्ल’पासून, प्राकृतातल्या ‘अंबिल’वरून आलेलं. म्हणजे आंबटपणा या शब्दाच्या हाडात आहे. ‘अंग आंबून गेलं’ म्हणतो तेव्हासुद्धा शरीरात काहीतरी बिघडून जड झाल्याचीच भावना असते. दह्याला आपण आंबवत नाही, विरजतो, कारण तिथं बाहेरून चमचाभर विरजण घालावं लागतं. दही चांगलं असूनही ‘उत्साहावर विरजण पडलं’ ही वाईट गोष्ट का झाली, यावर कधीतरी वेगळा धागा काढायला हवा. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो. त्यात काळ आहे, आत झिरपणं आहे, पण साखरेचं दुसरं काही होणं नाही. खमीर अरबीतून आलं, आणि आपण ते पावापेक्षा माणसातल्या धमकेसाठीच जास्त वापरतो.

‘किण्वन’ मात्र आजच्या पाठ्यपुस्तकांनी घडवलेला कोरडा शब्द समजू नका. त्यातलं ‘किण्व’, म्हणजे आंबवायला घालायचं खमीर, फार जुनं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या (मद्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) प्रकरणात मद्याच्या कृती प्रमाणांसकट दिल्या आहेत आणि त्यात किण्व घालायला सांगितलं आहे. द्राक्षाच्या मद्याला तिथं ‘मधु’ म्हटलं आहे. मला सगळ्यात जास्त भावते ती त्याच प्रकरणातली घरगुती सवलत. कुटुंबात काही कार्य असेल तर श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट (आंबवलेला काढा) घरी करायला गृहस्थांना मुभा आहे. म्हणजे घरी केलेलं आणि विकायला केलेलं यात फरक करावा, हे तेव्हाच्या राज्यव्यवस्थेलाही सुचलं होतं.

निफाडची बाग

आमच्याकडं हा वास शब्दाच्या आधी ओळखतात. माल तयार असताना अवकाळी पडला की मणी तडकतो, घडातून रस गळतो आणि दोन दिवसांत साऱ्या बागेत तो वास सुटतो, चिलटं जमतात. तेव्हा आम्ही ‘माल आंबला’ म्हणतो, आणि ते दुःखाचं बोलणं असतं, वर्षाचं पीक गेल्याचं. बरणीतल्या रसाला मी ‘फसफसला’ म्हणेन. तुमचं झाकण उडालं ते त्यातल्या वायूमुळं, आणि ‘फसफसणे’त तो वायू कानाला ऐकू येतो.

खायच्या द्राक्षात साधारण १८ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) गोडी पाहतो, वाइनच्या द्राक्षाला २२ ते २४ लागते. लिटरला १७ ग्रॅमच्या आसपास साखर गेली की एक टक्का अल्कोहोल येतं, असा ढोबळ हिशेब. वाइनरीत कामाला जाणारी आमची पोरं सरळ ‘फर्मेंटेशन’ म्हणतात.

बाकी आमच्या म्हाताऱ्याचं ठाम मत आहे: भट्टी नाही, वाफ नाही, गाळली नाही, मग ती दारू कसली? नुसता फसफसलेला रस.

जिल्हा न्यायालयातला एक वकील

निफाडच्या आजोबांच्या वाक्यासाठीच लिहायला बसलो. भाषा म्हणून ते अचूक बोलतात. कायदा म्हणून नाही. आणि हा गैरसमज नाशिकमध्ये मी फार चांगल्या घरांत ऐकला आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

१९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम, जो आता महाराष्ट्राच्या नावानं ओळखला जातो, त्यात ‘लिकर’ म्हणजे केवळ गाळलेली दारू नव्हे. स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी आणि अल्कोहोल असलेला प्रत्येक द्रव त्यात येतो. त्याहून महत्त्वाची आहे ‘निर्मिती’ची व्याख्या. आंबवलेलं किंवा मादक पेय ज्या प्रक्रियेनं तयार होतं ती प्रत्येक प्रक्रिया म्हणजे निर्मिती, मग ती नैसर्गिक असो वा कृत्रिम. ‘नैसर्गिक’ हा शब्द नीट वाचा. “मी काहीच केलं नाही, रस आपोआप फसफसला” हा बचाव या एका शब्दानं जातो. विनापरवाना निर्मितीला कलम ६५ लागतं, त्यात तुरुंगवास आहे. निर्मितीच्या हेतूनं कच्चा माल किंवा भांडी बाळगणं हाही त्याच कलमाखाली गुन्हा आहे. विकलं नाही, घरीच प्यालो, यानं तो मिटत नाही.

तुमच्या धाग्याला शोभेल असं म्हणजे, एवढ्याशा शब्दावर सर्वोच्च न्यायालयात एकाहून जास्त वेळा मोठा खल झाला आहे. १९५१ च्या बलसारा खटल्यात प्रश्न होता की नशा करणाऱ्या मद्याबद्दल कायदा करायचा अधिकार असताना राज्यानं अल्कोहोल असलेला प्रत्येक द्रव व्याख्येत ओढावा का. न्यायालयानं व्यापक व्याख्या मान्य केली, पण औषधं आणि प्रसाधनांपुरती बंदी रद्द ठरवली. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठानं आठ विरुद्ध एक अशा बहुमतानं सांगितलं की संविधानातल्या ‘इन्टॉक्सिकेटिंग लिकर’ या शब्दांत औद्योगिक अल्कोहोलही येतं. आपण घरात ‘दारू’ म्हणतो तो शब्द लहान आहे आणि कायद्याचा फार मोठा.

सुरगाण्याचा मास्तर

वकीलसाहेबांनी कायद्याची बाजू मांडली, मला गाळण्याच्या शब्दांबद्दल बोलायचं आहे. शब्दांमुळं माणसं कशी दिसतात हे मी रोज पाहतो.

मोह या झाडाचं नाव ‘मधूक’वरून आलं, मोहात पाडणाऱ्या मोहावरून नाही. नावातच मधु आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं गळतात. माझ्या वर्गातली मुलं त्या दिवसांत शाळेत उशिरा येतात, कारण उजाडायच्या आत टोपली घेऊन झाडाखाली जावं लागतं. ताजं फूल तोंडात टाकलं तर पाकात बुडवलेल्या मनुकेसारखं लागतं. ही फुलं वाळवून खातात, भाजून खातात, बियांचं तेल काढतात. दारू हा त्यातला एक उपयोग, आणि तीही आधी देवाला लागते.

या दारूला ‘काढणे’, ‘गाळणे’ किंवा ‘पाडणे’ म्हणतात. पाडणे का? वाफ थंड होऊन थेंब थेंब पडतो म्हणून. ‘पहिल्या धारेची’ हा शब्द तिथलाच. सुरुवातीला जे पडतं ते सर्वांत जहाल, आणि शहरातली माणसं ‘पहिल्या धारेचा पुणेकर’ म्हणतात तेव्हा ती भट्टीजवळचीच भाषा बोलत असतात. आता बातमी पाहा: “इतके लिटर रसायन नष्ट.” हे रसायन म्हणजे भिजलेली, फसफसलेली फुलं किंवा गूळपाणी. विदर्भात त्यालाच सरळ ‘सडवा’ म्हणतात. ‘रसायन’ वाचून वाचकाला वाटतं की यात कारखान्याचं विष आहे. नवसागर घातलेल्या गुळाच्या हातभट्टीबद्दल मला काही प्रेम नाही. जून २०१५ मध्ये मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली, पण ती मिथेनॉल या विषारी अल्कोहोलनं गेली. फुलांच्या सडव्यालाही तोच शब्द लावला की भीती चुकीच्या घरी जाते. मध्य प्रदेश आणि छत्तीसगढमध्ये आदिवासींना घरच्यापुरती मोहाची दारू काढायची कायदेशीर सवलत आहे. तिथं या गोष्टीला वेगळी जागा आहे म्हणून तिच्याबद्दल वेगळं बोलताही येतं.

उंबरठा (नाशिक)

मास्तर, ‘रसायन’बद्दल कधी असा विचार केला नव्हता. आता ते वाचताना थांबेन.

पण पहिल्या टप्प्याला शब्द अजून सापडला नाही.

वैद्य, जुनं नाशिक

आयुर्वेदात यासाठी नेमका शब्द आहे: संधान. काढा न करता संधान घातलं तर आसव, काढा करून घातलं तर अरिष्ट. द्राक्षासव, द्राक्षारिष्ट ही नावं घरोघरी माहीत आहेत. धायटीची फुलं आणि गूळ घालून भांड्याचं तोंड कापड-मातीनं लिंपून ठेवायचं. औषधात वरून अल्कोहोल ओतलेलं नसतं, ते आतच तयार होतं, म्हणून लेबलवर ‘स्वयंजनित मद्यार्क’ लिहितात. ‘दारू’ शब्दाचाही मूळ फारसी अर्थ औषधच आहे. ‘दवादारू’त तो टिकून आहे. ‘दारूगोळ्या’तली दारू ही आणखी तिसरी.

अर्थात औषधाचं संधान परवान्याच्या चौकटीत होतं. हा शब्द घेऊन कुणी घरी भांडं लावू नये.

नाशिककर, सध्या शिकागो

एक छोटी भर. इथं १९७८ च्या कायद्यानं घरी बिअर करणं मोकळं झालं. घरची वाइन आणि बिअर आता दोन प्रौढांच्या घरात वर्षाला प्रत्येकी २०० गॅलनपर्यंत चालते, काही राज्यांचे नियम वेगळे असतील. पण घरी गाळणं आजही केंद्रीय गुन्हा आहे. निफाडच्या आजोबांनी भाषेत जी रेघ ओढली, आंबवणं वेगळं आणि गाळणं वेगळं, तीच इथल्या कायद्यात आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात ती घरापुरती नाही. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमधल्या वाइनवरून ‘वाइन म्हणजे दारू की नाही’ असा वाद पेटला होता, तो मुळात याच रेघेबद्दल होता असं मला वाटतं.

उंबरठा (नाशिक)

सगळ्यांचे मनापासून आभार. वकीलसाहेब, एकच विचारते: शिरका करताना मधल्या आठवड्यात बरणीत जे असतं त्याचं काय?

जिल्हा न्यायालयातला एक वकील

व्याख्या शब्दशः वाचली तर त्या आठवड्यात तो अल्कोहोल असलेला द्रव आहे, आणि प्रक्रिया नैसर्गिक असली तरी ती निर्मिती आहे. तुमचा हेतू शिरक्याचा आहे, ही गोष्ट तुम्ही न्यायालयात सांगाल. पण गटातल्या बाईनं तिथवर का जावं? छापील कागदावर कृती देऊ नका असं मी सांगेन.

उंबरठा (नाशिक)

शिरक्याची कृती काढून टाकली. वाईट वाटलं, कारण मार्चमध्ये पिंपळगाव रस्त्याला द्राक्षं मातीमोल होतात तेव्हा ती वाया जाऊ नयेत म्हणूनच हे पान लिहायला घेतलं होतं. त्या जागी बेदाण्याचं लिहिते.

शब्द मात्र ठेवले. टिपणाच्या शेवटी अर्ध्या पानाची चौकट केली आहे. त्यात आंबील आंबते, दही विरजतं, लोणचं मुरतं, आसवाचं संधान होतं, मोहाची गाळतात, एवढं लिहिलंय. त्याखाली हे: “द्राक्षाचा रस आधी फसफसतो, मग आंबतो. फसफसला तेव्हाच कायद्यानं तो दारू झाला, म्हणून ही कृती इथे दिलेली नाही.” काल काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी ‘फसफसतो’वर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “हा बरोबर आहे. त्या रात्री आमच्या घरापर्यंत ऐकू आलं होतं.”