दारूबंदी उठली, आता तरी दवाखान्याचं बोला

वैनगंगाकाठ:
चंद्रपूरची दारूबंदी १ एप्रिल २०१५ ला लागली, मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने उठवायचं ठरवलं. लावणारे आणि उठवणारे अजून भांडताहेत. माझं दोघांशीही भांडण आहे. बंदी लागली त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या काकांना तिसऱ्या रात्री झटके आले. वीस वर्षं रोज पिणारा माणूस, एकदम बंद. भिंतीवर किडे दिसायला लागले तेव्हा घरच्यांनी मांत्रिक बोलावला! रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की दोन-तीन दिवसांत असं होऊ शकतं. वेळेत औषध मिळालं तर सावरतं, नाहीतर जीवही जातो. दुकानांना सील ठोकायला माणसं होती, हे सांगायला एकही नव्हता.

आडवी_बाटली:
काका वाचले ना? मग काकूंना विचारा बंदी कशी वाटली. दारूबंदी मागायला चिमूरहून नागपूरला पायी गेलेल्या बाया हौसेने नव्हत्या गेल्या. नवरा "मला काय झालंय?" म्हणतो, तिथे दवाखाना काय करणार? दुकान बंद असलं तर मजुरीचे पैसे निदान घरापर्यंत येतात.

वणीचा_पाहुणा:
येतात? त्या सहा वर्षांत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या, बंदी नसलेल्या आमच्या वणीत एमएच ३४ च्या, म्हणजे चंद्रपूरच्या गाड्या पाहिल्या असत्या तर असं म्हणाला नसता. गाडी नव्हती तो चोरून, चढ्या भावाने घ्यायचा, नाहीतर मोहाची. आणि चोरट्या मालात काय असतं ते मालवणीने दाखवलं. जून २०१५, शंभरावर माणसं मिथेनॉलने गेली.

आडवी_बाटली:
मालवणी मुंबईत आहे भाऊ. तिथे कुठली बंदी होती? परवान्याची दुकानं असतानाही लोक ते प्याले, कारण ते स्वस्त होतं. उदाहरण तुमच्याच अंगावर आलं.

वणीचा_पाहुणा:
बरं, हे चुकलं. मग बिहार घ्या. २०१६ पासून बंदी, तरी डिसेंबर २०२२ मध्ये सारणमध्ये विषारी दारूने माणसं मेलीच.

रात्रपाळी:
मी नर्स आहे. विषारी दारूत तास मोजावे लागतात, उशीर झाला तर डोळे जातात. पण पिणं गुन्हा असेल तर पेशंट आधी "पोटात दुखतं" म्हणतो. पोलिसांची भीती. आणि बंदी नसली म्हणून उपचार मिळतो असंही नाही. २०१९ च्या एम्सच्या देशव्यापी पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलीतरी मदत मिळाल्याचं दिसलं. हा आकडा बंदीवाल्यांनाही लागतो आणि दुकानवाल्यांनाही.

आडवी_बाटली:
ताई, म्हणून तर गडचिरोली बघा म्हणते. बंदी १९९३ ची, पण २०१६ पासून मुक्तिपथ आलं: गावोगावी संघटना आणि तालुक्याला व्यसन-उपचाराचं क्लिनिक. दोन्ही सोबत. आमच्याकडे अर्धंच आणलं आणि बंदी फसली म्हणून मोकळे झाले.

वैनगंगाकाठ:
क्लिनिकवर मी तुमच्या बाजूने, बंदीवर अजून नाही. काका पुन्हा पितात. काकू परवा विचारत होत्या, जाहिरातीतली दारू सोडवायची पावडर वरणात कालवू का?

रात्रपाळी:
अजिबात नको! काही पावडरींत असं औषध असतं की वरून दारू पडली तर बीपी कोसळतं. त्यांना न सांगता तर नकोच. आणि हो, रागाच्या भरात घरी दारू एकदम बंद करू नका, तिसरी रात्र आठवा. काकांना सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या ओपीडीला न्या, काकूंनाही सोबत घ्या.