बाटली ओतून टाकायचं काम मुलांना नको

बाप दारू पितो त्या घरांसाठी 'मुलांनाच बाटली ओतून टाकायला सांगा, बापाला लाज वाटेल' असा एक सल्ला वाचला, तो पटला नाही. लाजेचं सोडा, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की 6-8 तासांत हात थरथरायला लागतात, 12 ते 48 तासांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास आणि भ्रम. यात जीवही जातो, म्हणून अशांची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवतात. आता पोरानं बाटली ओतली आणि परवा बापाला फिट आली, तर 'माझ्यामुळे झालं' हे त्याच्या डोक्यातून कोण काढणार?

मुलाला शिकवायचं ते वेगळंच. बाप बेशुद्ध पडला तर कुशीवर वळवायचं, लिंबूपाणी-ताक तोंडात ओतायचं नाही (श्वासनलिकेत जातं), 112 (आपत्कालीन मदतीचा नंबर) लावायचा. प्यायलेल्या बापाच्या गाडीवर बसायचं नाही. रात्री गोंधळ झाला तर शेजारी कुणाकडे जायचं, ते आधीच ठरलेलं हवं. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन मूल स्वतःही लावू शकतं. आणि हो, मुलाला गुत्त्यावरून दारू आणायला लावणं बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 78 मध्ये बसतं. 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.